म्हाताऱ्या माशांची पेटी

हौशीरामने पेटीतली चौकट वर काढली, उन्हाकडे तिरपी धरली आणि बोलता बोलता मध्येच थांबला.

वाक्य असं निघालं होतं की, आता या पेटीत तुम्हाला उपासमारीने वाळलेल्या अळ्या बघायला मिळतील. समोर लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या बंगल्यांतली सात-आठ मंडळी जाळीच्या टोप्या घालून उभी होती. रविवार होता, तळ्याकाठचं फिरणं उरकलं होतं आणि जेवणाला अवकाश होता. त्यामुळे वाळलेल्या अळ्या बघायलाही त्यांची ना नव्हती. पण चौकटीत एकही अळी वाळलेली नव्हती. प्रत्येक घरात पांढऱ्या दुधाच्या थेंबात एकेक अळी चंद्रकोरीसारखी वळून पडली होती, गुबगुबीत आणि ओली. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेएवढं एक राणीघर लोंबत होतं.

चष्मा पुसायला माणूस जेवढा थांबतो तेवढाच हौशीराम थांबला.

"अशी कुणाचीही अपेक्षा असणार," त्याने वाक्य पुरं केलं. "पण निसर्ग आपल्या अपेक्षा विचारत बसत नाही. या, जवळ या."

मंडळी जवळ आली. फोन निघाले. एका बाईंनी ते पांढरं काय म्हणून विचारलं, आणि हौशीराम पुन्हा आपल्या मुलखात आला.

हौशीराम कुसगावचा. तळेगावच्या कॉलेजातून प्राणिशास्त्राची पदवी घेतली, आणि नंतरची सगळी उमर कारखान्यात यंत्राचे सुटे भाग मापात आहेत की नाहीत हे बघण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्याने पुण्याला जाऊन मधमाश्यांचं प्रशिक्षण घेतलं, घरामागे सातेरी जातीच्या माशांच्या पेट्या मांडल्या, आणि इतकी वर्षं पोटात दाबून ठेवलेलं प्राणिशास्त्र मोकळं सोडलं. गावात तो हौशीरामभाऊ, बंगल्यांत मधमाशीवाले सर. भाऊ 'न्हाई' म्हणत, सर 'नाही' म्हणत. दोघांनाही शंका कशी ती ठाऊक नव्हती.

सरांनी समजावून सांगितलं की राणी आणि कामकरी माशी एकाच तऱ्हेच्या अंड्यातून निघतात. पहिले तीन दिवस सगळ्या अळ्यांना हेच दूध मिळतं. मग कामकरी व्हायच्या अळ्यांना पराग आणि मधाच्या चाऱ्यावर टाकतात. जिला राणी करायचं ठरलं तिचं दूध मात्र चालू राहतं. त्या खुराकाने तिच्या मेंदूमागच्या चिमुकल्या ग्रंथी जोरात कामाला लागतात, अंगात एक रस चढतो, आणि तो चढला की बीजकोश वाढतात, अंग लांबतं, सगळा जन्मच बदलतो. दुसरीच्या अंगात तो रस कमी पडतो आणि तिचे बीजकोश आत जागच्या जागी सुकून जातात. बहिणी दोघी, फरक वाढलेल्या ताटाचा.

"रसाचं नाव बालसंप्रेरक," सर म्हणाले. "गंमत बघा. इतर किड्यांत हा रस पोराला पोरच ठेवतो. मोठं होऊ देत नाही. मधमाशीच्या अळीत तोच राणी घडवतो."

एका गृहस्थांनी हे गोळ्यांच्या रूपात मिळतं का विचारलं. त्यांचा सूर अभ्यासाचा होता, पण हात केसांवरून फिरत होता.

"त्याची नक्कल मिळते की. डासांच्या औषधात घालतात. डासाची अळी मग मोठीच होत नाही, तशीच मरते."

गृहस्थांनी हात खाली घेतला.

मग त्या बाईंनी विचारलं की पेटीत माशा इतक्या थोड्या कशा, आणि त्यांचे पंख असे झिजलेले का. हा प्रश्न येऊ नये असं हौशीरामला वाटत होतं. कारण त्याचं उत्तर शेजारच्या हॉटेलच्या पोहण्याच्या तलावापासून सुरू होत होतं.

मे महिना. ओढा आटलेला, आणि माशांना पाणी हवं. त्या तलावावर जात. पाहुण्यांना माशांबरोबर पोहण्याची सवय नव्हती. हॉटेलचा मॅनेजर सत्यम, टाय लावणारा पण मुळात तळेगावजवळच्या इंदुरीचा पोरगा, कुंपणाशी येऊन म्हणाला, "भाऊ, तेवढी पेटी हलवा ना, गेस्ट लोक रिव्ह्यूत लिहितात." हौशीरामने तिथल्या तिथे शब्द दिला. पेटी हलवायची तर हातभर हलवावी नाहीतर पार दुसऱ्या गावाला न्यावी, हे त्याला माहीत होतं. दर रविवारी तो ते लोकांना सांगतही असे. पण मध्ये घराची भिंत आहे, एवढं पुरे, असं त्याचं मत पडलं, आणि पेटी त्याने अंधार पडल्यावर घराच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवली. माशांना तलावाचा रस्ता पाठ होता. पेटी कुठे आहे याच्याशी तलावाचा काही संबंध नव्हता. पण सत्यमला कुंपणातून पेटी दिसेनाशी झाली आणि त्याचं समाधान झालं.

सकाळी चरायला गेलेल्या माशा मात्र जुन्या जागीच परतल्या. तिथे नुसता दगड होता. दुपारपर्यंत त्यावर माशांचा काळा गोळा जमला. सगळ्या वयस्क, कारण बाहेर जातात त्या वयस्कच. तरण्या घरात असतात, पिल्लं सांभाळतात. हौशीरामने दया म्हणून दगडावर एक रिकामी पेटी ठेवली, तिच्यात अंडी आणि बारक्या अळ्या असलेली एक चौकट टाकली, वर गोणपाट घातलं, आणि घरात येऊन जाहीर केलं की ह्या म्हाताऱ्या आता संपल्या. त्यांच्या डोक्यातल्या दुधाच्या ग्रंथी कधीच्या सुकल्यात, त्या पोरं काय पाजणार. बसायला जागा दिली एवढंच. त्याची बायको सविता तेव्हा भाकरी थापत होती. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

आता ती पेटी दुधाने भरली होती.

"ह्या सगळ्या म्हाताऱ्या आहेत," सर मंडळींना म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकातलं एक पान आठवलं, जे परीक्षेला येणार नाही म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. "माशी मोठी झाली तरी तो रस तिची पाठ सोडत नाही. घरात असते तोवर तो कमी असतो, बाहेर पडायचं वय झालं की चढतो. पण घरात दाया उरल्या नाहीत आणि अळ्या उपाशी आहेत असं झालं, तर यांच्या अंगातला रस पुन्हा उतरतो. सुकलेल्या ग्रंथी भरतात. बाहेरची माशी परत दाई होते. मी मुद्दामच हा प्रयोग लावला होता."

यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं खरं होतं. हौशीराम गोष्ट फुगवून सांगत असे. शास्त्रात मात्र तो खोटं बोलत नसे. प्रयोग हे शास्त्रात येत नाही, ते प्रास्ताविकात येतं, असा त्याने मनाशी निवाडा केला.

तेवढ्यात घरातून त्याच्या नातीचं रडणं ऐकू आलं. हौशीरामने आवाज चढवला आणि परागाकडे वळला.

नात मुलीची. चैताली बाळंतपणाला माहेरी आली होती आणि आता तिची रजा संपत आली होती. ती एका औषध कंपनीत होती. रजेवर जाण्याच्या आधीच तिला एका नव्या विभागाची प्रमुख नेमलं होतं. साहेबांनी परवा फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं की ठरल्या तारखेला या, तुमची खुर्ची आम्ही किती दिवस रिकामी ठेवणार. जावई ओंकार चाकणला पाळ्यांत राबत होता. त्याची आई त्याच्या लग्नाआधीच वारली होती. पाळणाघरवाले इतक्या लहान पोरीला घेत नव्हते, आणि ठरवलेली बाई पत्ता ऐकूनच दूर पडतं म्हणाली होती. म्हणजे पोरगी बसती होईपर्यंत, नव्हे चालती होईपर्यंत, कुणीतरी तिकडे जाऊन राहायला हवं होतं.

कुणीतरी म्हणजे कोण, हा प्रश्न हौशीरामला पडला नव्हता. कुसगावात तो कुणालाच पडत नसे. आजी जाते. त्याने ओंकारला फोनवर सांगूनही टाकलं होतं, "मामी येतील. तुमी काळजी सोडा, जावईबापू." सविता पलीकडच्या खोलीत लसूण सोलत होती. तिला ते भिंतीतून कळलं.

अडचण अशी होती की सविताच्या बचत गटाला लोणावळ्यातल्या एका कॉलेजची कॅन्टीन मिळाली होती. जूनपासून चालवायची. गटात बोलणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण गटाच्या अध्यक्ष सरूबाईंनी सगळ्यांच्या देखत किल्ली सविताच्या हातात ठेवली आणि हिच्याबिगर मी आत पाय टाकणार न्हाई म्हणून सांगितलं. सविता या वयात शेजारच्या अनिताकडून स्कूटर शिकली होती. पहिल्यांदा हायवेच्या कडेने गेली तेव्हा परत आल्यावर अर्धा तास कुणाशी बोलली नाही, नुसती हसत होती. हौशीराम त्या सगळ्याला "तुमचं ते चहापोह्याचं" म्हणत असे. कॅन्टीन कुणीही चालवेल. नात कुणीही सांभाळेल का? असा त्याचा मुद्दा होता, आणि तो त्याला बिनतोड वाटत होता.

कुणीहीमध्ये तो स्वतः येत नव्हता. ज्या उघड्या हाताने तो माशांचा घोस उचलत असे त्या हाताने त्याने नात अजून घेतली नव्हती. आधी म्हणाला, मान धरू दे. तिने मान धरली. मग म्हणाला, बसू दे.

मंडळी मध घेऊन गेली. ऊन कलल्यावर हौशीराम मागच्या ओट्यावर आला. सविता सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. चैताली दाराच्या चौकटीला टेकून पोरीला खांद्यावर थोपटत होती. हौशीरामने जागा हेरून बैठक मारली.

"दगडावरच्या पेटीत राणी धरलीया."

"कुटल्या?" सविताने विचारलं. "त्या म्हाताऱ्यांच्या?"

"व्हय."

"त्या तर संपल्यावत्या ना? तुमीच म्हणलावता."

"म्हणलोवतो. त्येच्यानंतर अभ्यास पुढं गेला."

चैतालीने पोरीच्या पाठीवरचा हात क्षणभर थांबवला आणि पुन्हा थोपटायला लागली.

हौशीरामने सकाळचं सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी गावच्या भाषेत. अळी उपाशी आहे म्हटल्यावर म्हातारीच्या अंगात कसं दूध परत आलं, वय झालं म्हणून माणूस कसा संपत नाही, निसर्गाने प्रत्येकाला ज्याचं त्याचं काम कसं नेमून दिलंय. सांगता सांगता तो रंगात आला. सविता खडे वेचत ऐकत होती. तिला माशांची हौस नव्हती. इतक्या वर्षांत ती पेट्यांच्या बाजूला कपडे वाळत घालायलाही गेली नव्हती. पण आज ती मन लावून ऐकतेय हे बघून हौशीरामला बरं वाटलं.

"तवा तू काय मनात आणू नको," तो शेवटाला आला. "चैतीकडं गेलीस की तुजं तुलाच उमगंल. पोर रडलं की आपोआप व्हतंय समदं. हे शास्त्र हाय."

सविताने सूप मांडीवर ठेवलं.

"मला एक सांगा. ह्या म्हाताऱ्या आदी काय करत व्हत्या?"

"आदी? भाईर. मध आणायचा, पराग आणायचा, पाणी आणायचं."

"न्हाई, त्येच्या बी आदी. तरण्या व्हत्या तवा."

"तवा घरात. पोरं पाजायची, झाडलोट करायची. समद्याच करतात. पहिलं घर, मंग वय झालं की भाईर. त्यो रस चढतो ना."

"म्हंजी निम्मा जल्म घरात काढला की भाईर पडायचंच असतंय."

"असतंयच. निसर्ग हाय त्यो."

सविताने मान हलवली. एक खडा अंगणात टाकला.

"मंग माजी आता कुटली येळ हाय?"

हौशीरामने तोंड उघडलं. माणसं म्हणजे माशा नव्हेत, हे उत्तर तयार होतं आणि चांगलं होतं. पण सकाळपासून त्याने आठ माणसांना नेमकं उलट पटवून दिलं होतं, आणि आता ओट्यावर बसून तेच केलं होतं. त्याने तोंड मिटलं. मग दुसऱ्या बाजूने जाऊन बघावं म्हणून पुन्हा उघडलं.

"आन ह्या पेटीत," सविताच म्हणाली, "दाई कोण झाली? घरातली, का जी आख्खं वय भाईर काडून परत आली ती?"

आवाज चढलेला नव्हता. भाजीत मीठ किती टाकू असं विचारावं तसं तिने विचारलं होतं. कारखान्याच्या तिन्ही पाळ्या, रात्रपाळी संपवून दिवसभर अंधाऱ्या खोलीत झोपणं, चैतालीने पहिलं पाऊल कुठल्या महिन्यात टाकलं हे सविताने त्याला डब्यात चिठ्ठी घालून कळवलं होतं ते, यातलं तिने काही काढलं नाही. काढायची गरज नव्हती. दाराशी चैताली पोरीला थोपटत उभी होती.

खोटं सांगणं सोपं होतं. सविता काही पुस्तक काढून बघणार नव्हती. हौशीरामने चष्मा काढला, सुपाच्या कडेला बोटं घासली आणि म्हणाला,

"जी भाईरनं परत आली ती."

"मला वाटलंच," सविता म्हणाली, आणि तांदूळ पाखडायला उठली.

रात्री सगळी जेवायला बसली. हौशीरामने दोनदा पाणी मागितलं आणि दोन्ही वेळा स्वतःच उठून घेतलं, याची घरात नोंद झाली. सकाळी तो लवकर उठून पेटीपाशी जाऊन आला. झाकण काही उघडलं नाही. राणीघर असलेली पेटी सारखी उघडू नये. नंतर त्याने कुंपणाशी जाऊन सत्यमला हाक मारली आणि मी काही महिने नाही, रविवारचा तेवढा येईन, तर पेटीकडे नजर ठेव, मुंग्या चढू देऊ नको असं बजावलं. गोणपाटाखाली पुन्हा पेटी आहे हे सत्यमला तेव्हाच कळलं. पण भाऊ इतक्या खात्रीने सांगत होते की तो हो म्हणून बसला.

मग हौशीराम ओट्यावर येऊन बसला आणि त्याने ओंकारला फोन लावला. फोन छोटा झाला. माणूस येतंय, एवढंच त्याने सांगितलं, आणि कोण ते विचारायच्या आत रेंज गेली असावी असं ठरवून ठेवून दिला.

सविताने ते चुलीपाशी बसून ऐकलं. या वेळी भिंत मध्ये नव्हती. तिने माळ्यावरची कारखान्याची जुनी बॅग काढली, झटकली आणि उन्हात ठेवली.

रजा संपायच्या आदल्या दिवशी ओंकार गाडी घेऊन आला. बाळंतिणीचं सामान, बाटल्या उकळायचं पातेलं, दुपटी, बाळाचा अंघोळीचा टब, सगळं मागे चढलं. शेवटी एक बॅग राहिली. ओंकारने ती उचलली, आत डोकावून कुणाची तरी वाट बघितली आणि विचारलं,

"मामी कुठायत, मामा?"

"कॅन्टीनला. आज गॅसवाला यायचाय." हौशीरामने बॅग त्याच्या हातातून घेतली. "माजी हाय ही."

ओंकारने चैतालीकडे बघितलं. चैताली पोरीची टोपी नीट करत होती आणि ते काम संपत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही..." ओंकार म्हणाला.

"त्याला शास्त्रीय आधार आहे," हौशीराम सरांच्या आवाजात म्हणाला. "वाटेत सांगतो."

तो मागच्या सीटवर चैतालीशेजारी बसला. गाडी गल्लीतून निघाली. अनिता दारात उभी होती. तिने हात केला, बॅग कुणाची ते काचेतून बघितलं, आणि हात तसाच वर राहिला. हॉटेलच्या फाटकाशी सत्यमने सलाम ठोकला. पोरगी गाडीच्या हलण्याने जागी झाली, इकडे तिकडे बघून तिने ओठ काढला आणि रडायला सुरुवात केली. चैताली तिला उचलायला वाकली. पण मग, काय वाटलं कुणास ठाऊक, तिने पोरीला उचलून वडिलांच्या मांडीवर ठेवलं.

हौशीरामचे दोन्ही हात हवेत होते. ते त्याने हळूहळू खाली आणले, एक डोक्याखाली आणि एक पाठीखाली. ओंकार आरशातून बघत होता आणि शास्त्रीय आधाराची वाट पाहत होता.

"चैती," हौशीराम खालच्या आवाजात म्हणाला, "ही रडाय लागली की पहिलं काय बघायचं असतंय?"

चैताली सांगू लागली. गाडी हायवेला लागून कामशेत मागे पडेपर्यंत ती सांगत होती, आणि तो एकदाही मध्ये बोलला नाही.